रुसव्याची बैठक

नव्या सॉफ्टवेअरला ज्याने तोंडभर नावं ठेवली नाहीत, त्याला त्याचा पासवर्ड द्यायचा नाही, असा आमच्या साहेबांचा नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण ग्वाल्हेरच्या पडावातल्या आमच्या त्या मालवाहतुकीच्या कंपनीत तो शेठजींच्या सहीपेक्षा जास्त चालायचा. मी साहेबांच्या खात्यात लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हिशेबातले एक वयस्कर बाबू माझ्या टेबलाशी येऊन गंभीरपणे म्हणाले, "मैडम, हमने गाली दे दी है, अब पासवर्ड दे दीजिए." मला वाटलं, माणूस सकाळीसकाळी पिऊन आलाय.

साहेब म्हणजे कंपनीचे आयटी प्रमुख. उंच, वाकलेले, दिवाळी झाली की गळ्यात मफलर यायचा तो होळीपर्यंत निघायचा नाही. सबंध कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबाराची पुरोहितकी, आमचं घराणं फौजेतलं; आम्ही अजून शिंदे की छावनीतच राहतो. त्यावरून ते मला येता-जाता चिडवायचे. "तुम्ही छावनीवाले. हुकूम मिळाला की निघालात, कुठे ते विचारायचं नाही." मी म्हणायचे, "आणि तुम्ही मुहूर्त काढत बसा, तोवर ट्रक झाशीला पोचतो." यावर ते खूश व्हायचे. उलट बोललेलं त्यांना फार आवडायचं. बिचाऱ्यांच्या खात्यात बाकी सगळे "जी सर" म्हणणारे.

तर तो नियम. लग्नात वरपक्ष रुसतो ना? विहीणबाई पंगतीतून उठतात, नवऱ्याचा मामा खोलीतून बाहेर यायला तयार नसतो, कोणाला चहा गार मिळालेला असतो. मग मुलीकडचे हात जोडून जातात, मनवतात, आणि सगळी मंडळी हसत हसत कार्याला येऊन बसतात. (मनवतात हा आमचा ग्वाल्हेरी शब्द. पुण्याची माझी नणंद दर वेळी "मनधरणी करतात म्हण गं" म्हणून टोकते. टोको.) साहेबांचं म्हणणं असं, की कंपनीत नवीन सिस्टिम येते ती सून म्हणूनच येते. घरातल्यांनी आधीच काय ते रुसून घ्यावं. लग्नाच्या दिवशी रुसलेला माणूस मनवता येतो, सहा महिन्यांनी रुसलेला नाही.

म्हणून कुठलाही बदल यायचा असला की कँटीनमध्ये रुसव्याची बैठक बसायची. सगळे खुर्च्यांवर आणि साहेब बुटक्या स्टुलावर, कारण मुलीकडच्यांनी खाली बसायचं. ड्रॉवरमधून एक काळी टोपी निघायची. ती डोक्यावर ठेवून, हात जोडून ते म्हणायचे, "बताइए, हमारी लड़की में क्या खोट है?" मग काय विचारता. बिल्टी फाडणारे, गोदामातले, हमालांचे मुकादम, हिशेबवाले, सगळे तुटून पडायचे. साहेब एका शब्दाने उत्तर द्यायचे नाहीत. फक्त "और?" म्हणायचे. माणूस दमून गप्प झाला तरी "और?" मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझी मान खाली गेली. एवढा शिकलेला माणूस, आणि चारचौघांत असा शिव्या खात बसलाय, हे मला बघवेना.

मनवणं नंतर चालायचं, एकेकाला वेगवेगळं. कोणाला गरम बेडई-पुरी लागायची, कोणाला तिळाची गजक, कोणाशी नुसतं गेटपर्यंत चालत जायचं. आमच्या बिल्टीच्या खिडकीवर एक बाबू होते. बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती; ती हाताने फाडायची पद्धत बंद होऊन कम्प्यूटरवर येणार होती. बैठकीत त्यांनी नव्या स्क्रीनचा असा उद्धार केला, की स्क्रीनला कान असते तर लाल झाले असते. रंग डोळ्यांत खुपतो, अक्षरं बारीक आहेत, बटण उलट्या बाजूला आहे. साहेब रोज दुपारी जाऊन त्यांच्याजवळ बसायला लागले. आठ-दहा दिवसांनी कळलं, की बाबूंना स्क्रीनशी काहीच घेणंदेणं नव्हतं. पावती आतल्या खोलीत छापून निघणार, म्हणजे खिडकी बंद होणार, म्हणजे येणारा-जाणारा ड्रायव्हर त्यांना रामराम करणार नाही, एवढंच त्यांचं दुखणं होतं. साहेबांनी खिडकी राहू दिली. छपाईचं यंत्र उचलून खिडकीपाशी आणलं. बाबूंनी महिनाभरात सगळ्यांच्या आधी काम आत्मसात केलं, आणि बारीक अक्षरांबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

रुसणाऱ्याची त्यांना कधी काळजी वाटली नाही. त्यांना धास्ती वाटायची ती "बढ़िया है सर" म्हणणाऱ्याची. आमच्याच खात्यात एक हुशार प्रोग्रामर होता. बैठकीत त्याची पाळी आली की हसून म्हणायचा, सब बढ़िया है. साहेब मला हळूच म्हणाले, "हा चालला." मला पटलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने नोएडाची नोकरी धरली. ज्याला राहायचं असतं तोच भांडतो, असं साहेबांचं सरळ गणित होतं.

आता सगळंच काही त्यांचं गोड होतं असं नाही. माणूस तऱ्हेवाईक तो तऱ्हेवाईकच. जेवायच्या वेळेला हटकून फोन करायचे. "युजर" हा शब्द खात्यात उच्चारायची बंदी होती, वरपक्ष म्हणायचं. दिल्लीहून सूटबूट घालून लोक सॉफ्टवेअर दाखवायला आले, की साहेब शांतपणे पहिली बिल्टी एका हत्तीची करायला सांगायचे. माल: हत्ती. नग: एक. ग्वाल्हेर ते नागपूर. वजनाची जागा रिकामी. सॉफ्टवेअरने ते मुकाट्याने घेतलं की साहेब उठून उभे राहायचे आणि पाहुण्यांना चहा पाजून रवाना करायचे. एकदा त्या गडबडीत ती हत्तीची बिल्टी खरोखरच छापून गोदामात गेली, आणि मुकादम वर येऊन विचारायला लागला की हाथी कितने बजे आएगा. मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले.

चुकायचेही. ड्रायव्हरांच्या मोबाइलवर माल पोचल्याची नोंद करायचं ॲप आलं तेव्हा रुसव्याच्या बैठकीनंतर ते आधी हमालांना मनवायला गेले, कारण हमाल जास्त ओरडले होते. ड्रायव्हर बघत होते. बैठकीचा खेळ त्यांनी साहेबांपेक्षाही मनावर घेतला होता. त्यांच्यातल्या भिंडच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगून टाकलं, की गाडी आम्ही नेतो, दूल्हा आम्ही, आणि मान आधी हमालांचा? सकाळी एकही ट्रक हलला नाही. सगळे बायपासवरच्या ढाब्यावर जाऊन बाजांवर आडवे झाले. शेठजींच्या अंगाचा तिळपापड. साहेब स्वतःवरच चरफडत म्हणाले, "पुरोहिताच्या घरात जन्मलो आणि मानाचा क्रम चुकलो." मग शाल, नारळ आणि मला घेऊन ढाब्यावर. भिंडच्या त्या बुवांना शाल पांघरली, तोंडात साखर घातली, तेव्हा दुपारी गाड्या निघाल्या. बुवा शाल पांघरूनच ट्रक चालवत गेले, मे महिन्यात.

शेठजींचा मात्र त्यांच्यावर जीव होता. शेठजी कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि म्हणायला लागले की आपल्याला आयटीचं धोरण पाहिजे, पाच वर्षांचं, छापील. साहेबांनी त्यांना भर दुपारी मागच्या आवारात नेलं. तिथे ड्रायव्हरांची बिल्टीसाठी रांग, हमालांची मजुरीसाठी रांग, व्यापाऱ्यांची माल आला का विचारायला रांग. साहेबांनी शेठजींना तिन्ही रांगांत उभं केलं. त्यांना तीन तास लागले असतील. शेवटी घाम पुसत असताना साहेबांनी विचारलं, "यातली कोणती रांग आधी मोडायची, तेवढं तुम्ही सांगा. पुढचं माझ्यावर सोडा." शेठजींनी व्यापाऱ्यांची सांगितली. तेच आमचं पाच वर्षांचं धोरण. छापलं नाही कधी.

पुढे शेठजी थकले आणि कारभार धाकट्या शेठकडे आला. मुलगा वाईट नाही, हे मी आधीच सांगते. त्याला बिल्टी, ट्रक, गोदाम, हिशेब सगळं एकाच सिस्टिमवर हवं होतं, आणि तीही आमच्या खोलीतल्या मशिनवर नाही, बाहेरच्या मोठ्या कंपनीकडे, महिन्याच्या भाड्याने. गुडगावहून सल्लागार आले. चांगली, नम्र मुलं होती. साहेबांनी त्यांचे सगळे कागद घरी नेऊन वाचले, त्यांच्याशी कडाकडा वाद घातले, हत्तीची बिल्टी करायला लावली, आणि धाकट्या शेठला स्वतःच जाऊन सांगितलं, की हेच करायला हवं, आपलं जुनं आता ओढत नाही. ते जुनं म्हणजे त्यांनी स्वतः उभं केलेलं, बरं का. त्यातली ओळ न् ओळ त्यांच्या हातची.

नव्या व्यवस्थेत आमचं खातं अगदी लहान होणार होतं. धाकट्या शेठने ते माझ्याकडे दिलं. साहेबांची निवृत्ती अजून लांब होती; त्यांच्याबद्दल तो मला म्हणाला, "उनसे पूछ लो. रुकना चाहें तो ट्रेनिंग देखें, घर की बात है." म्हणजे दार उघडं होतं. जायचं की राहायचं हे साहेबांनीच ठरवायचं होतं, आणि मला या जगात तेव्हा एकच गोष्ट हवी होती. त्यांनी राहावं.

सल्लागारांनी रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायचा कार्यक्रम आखला होता. मी तो रद्द करवला आणि रुसव्याची बैठक बोलावली. माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. बाकीचे रुसतील, शेवटी साहेब रुसतील, मी मनवीन, झालं. पण मनवायचं कशाने? विचार करायला बसले तेव्हा लक्षात आलं, की याला बेडई, त्याला गजक हे साहेबांना पाठ होतं, साहेबांना काय आवडतं हे मात्र आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांच्या घरी, काकूंना फोन केला. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मला तरी कुठे ठाऊक? हे घरात कधी रुसलेच नाहीत." मग मी तशीच गेले, रिकाम्या हाताने.

स्टुलावर मी बसले. हात जोडले. लोकांनी मला सोडलं नाही, साहेबांना ऐकवत त्याच्या वरताण ऐकवलं. भाड्याचं घर ते भाड्याचंच, उद्या त्यांनी काढून टाकलं तर कुठे जायचं, इंटरनेट गेलं की काय करायचं, आम्ही किती राहणार. मी "और?" म्हणत राहिले. साहेब मागे खुर्चीवर बसले होते. त्या बैठकीत त्यांना खुर्चीवर बसलेलं आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मी त्यांच्याकडे बघितलं. ते उठले, मफलर सारखा केला.

"मुलगी चांगली आहे," ते म्हणाले. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "हमें कोई शिकायत नहीं."

खिडकीवरचे बाबू चहाच्या पेल्यात बघत बसले. अर्थ सगळ्यांना कळला होता.

मी त्यांना आवारात गाठलं. ट्रक धुणं चालू होतं, पाण्यातून उड्या मारत आम्ही भिंतीपाशी गेलो. म्हटलं, "सर, काहीतरी तक्रार करा. खोटी करा."

"कशाची करू? पसंत मीच केली."

"मग राहा ना."

त्यांनी ट्रकाच्या चाकावरून वाहणाऱ्या पाण्यातून पाय बाजूला घेतला. मग म्हणाले, "मला मनवू नकोस. तू मनवलंस तर मी राहीन. आणि मग रोज सकाळी येऊन तुझ्या कामात माझं जुनं काम शोधत बसेन. तुला ते दिसेल आणि तू बोलणार नाहीस. नको."

मी "बरं" म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे इतक्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. हे एक मागत होते, ते मी कसं मोडणार?

महिनाअखेर त्यांना शाल-नारळ दिला. भिंडचे बुवा लांबची फेरी टाकून आले होते. साहेबांनी सगळ्यांना हात जोडले आणि स्कूटर काढून हरिशंकरपुरमला घरी गेले. तेवढंच.

सिस्टिम इतकी वर्षं उत्तम चालली आहे, ते खोटं कशाला बोलू. व्यापारी घरबसल्या माल कुठे आहे ते बघतात, आवारातल्या रांगा गेल्या. तक्रार असली तर स्क्रीनवर टाकायची, तिला नंबर मिळतो, काम झालं की नंबर बंद होतो. कोणी ओरडत नाही. बदल आला की मी ग्रुपवर कळवते, खाली अंगठे उमटतात. इतके अंगठे बघून मला भीती वाटते. यातलं कोण राहणार आणि कोण चाललंय, मला कळत नाही. साहेबांना कळलं असतं. मला त्यांची रोज आठवण येते. म्हणजे सणावाराला येते तशी नाही, काम करताना येते, जीव कासावीस होतो. नवरा म्हणतो, दहा मिनिटांवर राहतात, जा की भेटायला. जाते. गणपतीत जाते, संक्रांतीला जाते. ते मुलांच्या शाळेचं विचारतात, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारतात. कंपनीचं अक्षर काढत नाहीत. मीही काढत नव्हते. घरी येताना मात्र रिकामं रिकामं वाटायचं.

आता धाकट्या शेठने नवीन टूम काढली आहे. व्यापाऱ्यांच्या फोनला माणसाऐवजी मशिन उत्तर देणार, आणि आमच्या फोनवर बसणाऱ्या मुलींनी दुसरं काम शिकायचं. मुलींनी अंगठे पाठवले. सगळ्यांनी. मी रात्रभर तळमळले आणि परवा धाकट्या शेठला म्हटलं, की हे मला एकटीला झेपणार नाही, साहेबांना आठवड्यातून दोन दिवस तरी बोलवू या. तो म्हणाला, "मैं तो पहले दिन से कह रहा हूँ. आप ले आओ."

काल हरिशंकरपुरमच्या भाजीवाल्यापाशी साहेब भेटले. मटार निवडत होते, एकेक शेंग दाबून. मी नमस्कार केला, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचा विषय निघायच्या आत म्हणून टाकलं, "सर, तुमच्याशिवाय मला करमत नाही तिथे."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "त्या दिवशी तू मनवलं असतंस तर राहिलो असतो," ते म्हणाले, अगदी साधेपणाने, मटाराचा भाव सांगावा तसं.

मी म्हटलं, "तुम्हीच नको म्हणालात."

"म्हणालो ना. तेव्हा मला वाटलं होतं, मी खरं बोलतोय." मग हसले. "इतकी वर्षं त्या कंपनीत माझं एका वाक्यात कोणी ऐकलं नाही. नेमकं तू ऐकलंस, छावनीवाली."

मी हसलेही आणि माझे डोळेही भरून आले. तिथेच, त्या मटारांच्या ढिगापाशी मी विचारलं, "मग आता चला. दोनच दिवस, आठवड्यातून." मुलींचं सगळं सांगितलं. त्यांनी एकदा "और?" म्हटलं, आणि मी आणखी सांगितलं. भाजीवाला दोनदा खोकला. शेवटी त्यांनी पिशवी उचलली. "नको गं. आता वय झालं. आता खरंच नको म्हणतोय," म्हणाले आणि गल्लीत वळले.

आज दिवसभर मी त्या "नको"चाच विचार करते आहे. दुपारी काकूंना फोन केला, उद्या संध्याकाळी साहेब घरी आहेत का विचारलं. आहेत म्हणाल्या. मग उद्या जाणार आहे मी, आणि या खेपेला त्यांचं ऐकणार नाही.